‘केदार’ : एक स्पॅनिश क्रियापद मराठीतून शिकताना

स्पॅनिश शिकायला लागून काही महिने झाले की एक क्रियापद पावलोपावली भेटायला लागतं. उच्चार ‘केदार’, आपल्याकडच्या मुलाच्या नावासारखाच, फक्त जोर शेवटच्या ‘दार’वर. घरातलं दूध संपलं तर केदार, मैत्रिणीला भेटायचं ठरलं तर केदार, शर्ट सैल झाला, भाजी अळणी झाली, दुपारी डोळा लागला, तरी केदारच. शब्दकोशात पाहावं तर राहणे, उरणे, भेटणे, शोभणे, ठरवणे, अमुक ठिकाणी असणे, अशी एकमेकांशी काडीचं नातं नसलेल्या अर्थांची रांग. बहुतेक जण ही रांग पाठ करतात आणि बोलायची वेळ आली की अडतात.

हे क्रियापद इंग्रजीतून शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजीत त्याचे सात-आठ तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा लक्षात ठेवावा लागतो. मराठीत मात्र त्यातला मोठा भाग एकट्या ‘राहणे’त मावतो, बाकीचं काम होणे, ठरणे, पडणे ही आपली रोजची क्रियापदं करतात. आपण ज्या भाषेत विचार करतो तीच इथे मदतीला येत असताना आपण उगाच तिसऱ्या भाषेचा वळसा घेतो. मराठी दगा देते अशाही काही जागा आहेत. त्याही सांगते, कारण चुका नेमक्या तिथेच होतात.

आधी उच्चाराचं उरकून घेऊ. लिहिताना सुरुवातीला क्यू, मग यू, मग ई येतं, पण यू मुका असतो. म्हणून ‘क्वेदार’ नाही, ‘केदार’. यातला ‘द’ आपला दातांचा ‘द’ आहे, इंग्रजीतला ‘ड’ नव्हे, आणि दोन स्वरांच्या मध्ये आल्यामुळे तो आणखी मऊ होतो, जीभ दातांना जेमतेम टेकते. रूपं अगदी नियमित चालतात: केदो, केदास, केदा, केदामोस, केदान. कुठे काही वाकडं नाही. एवढंच सांभाळा की ‘केदो’मध्ये जोर ‘के’वर दिला तर ‘मी राहते’ आणि ‘दो’वर दिला तर ‘तो राहिला’ किंवा ‘ती राहिली’. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण कानाला फरक लख्ख कळतो, आणि बोलताना जोर चुकला तर काळही बदलतो, माणूसही. (या लेखात मी उच्चार लॅटिन अमेरिकेतल्यासारखे लिहिले आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात काही ‘स’ जीभ दातांत धरून ‘थ’सारखे म्हणतात.)

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘क्विएतारे’ म्हणजे शांत करणे, विसावणे. हालचाल थांबली, धुरळा खाली बसला, की जे जिथे आणि जसं असेल ते, हा त्या मुळातला भाव. काहीतरी घडून गेलं; त्यानंतर काय शिल्लक आहे, कोण कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, कशावर एकमत झालं आहे, हे केदार सांगतं. पुढचे सगळे अर्थ याच भावातून निघतात. वाक्य ऐकताना मनात एकच प्रश्न ठेवायचा: ‘मग शेवटी काय राहिलं?’

सगळ्यात सोपा वापर उरण्याचा. ‘नो केदा लेचे’, दूध उरलं नाही. ‘मे केदान दोस एउरोस’, माझ्याकडे दोन युरो उरलेत. या वाक्याची बांधणी नीट पाहा. ‘मे’ म्हणजे ‘मला, माझ्याकडे’, आणि क्रियापद चालतं ते उरलेल्या वस्तूप्रमाणे. एक युरो असेल तर ‘केदा’, दोन असतील तर ‘केदान’. इंग्रजी बोलणाऱ्याला हे उलटं वाटतं, कारण त्याला वाक्यात ‘मी’ कर्ता लागतो. आपल्याला त्यात नवं काही नाही. एक पोळी उरली, दोन पोळ्या उरल्या, भात उरला. क्रियापद पोळीचं ऐकतं, खाणाऱ्याचं नाही. ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडतं’ हे मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात न अडखळता बोलतो, त्याचं कारणही हेच.

करायचं राहिलेलं कामही याच साच्यात बसतं, मध्ये फक्त ‘पोर’ घालायचं. ‘केदा मूचो पोर आसेर’, अजून बरंच करायचं राहिलंय. प्रवासात पोरं कंटाळली की मागच्या सीटवरून विचारतात ना, ‘अजून किती राहिलं?’, ते स्पॅनिशमध्ये ‘क्वांतो केदा?’. याहून नेमकं मराठी सापडणार नाही.

आता पहिला खड्डा. मराठीत ‘दोन रुपये राहिले’ याचे दोन अर्थ होतात. खिशात दोन रुपये शिल्लक आहेत हा एक, आणि वाण्याला अजून दोन रुपये द्यायचे आहेत हा दुसरा. ‘काकू, तुमचे दहा रुपये राहिलेत’ असं दुकानदार म्हणाला तर आपण पर्स उघडतो, कारण ते उरलेले नाहीत, येणं आहेत. स्पॅनिश इथे काटेकोर आहे. हातात आहेत ते केदार. कमी पडतायत ते ‘फाल्तार’. ‘मे केदान दोस एउरोस’ म्हणजे माझ्याकडे दोन युरो आहेत अजून. ‘मे फाल्तान दोस एउरोस’ म्हणजे मला दोन युरो कमी पडतायत. काउंटरवर उभं राहून पहिलं वाक्य दुसऱ्याच्या जागी बोललात तर समोरच्याला वाटेल, पैसे आहेत यांच्याकडे, मग देत का नाहीत. मात्र पुस्तकाची दोन पानं वाचायची असतील, स्टेशन यायला पाच मिनिटं असतील, तर दोन्ही क्रियापदं चालतात, कारण शिल्लक पानं आणि वाचायची बाकी पानं ही शेवटी तीच पानं. पैशांच्या बाबतीत तेवढं जपा.

यापुढचा वापर मला सगळ्यात लोभस वाटतो. स्पेनमध्ये कुणाकडे जेवायला गेलात आणि बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, छान जमलं असेल तर म्हणायचं, ‘ला तोर्तिया ते आ केदादो बुएनीसिमा’. मेक्सिकोत किंवा कोलंबियात पदार्थ बदलेल आणि काळही साधा होईल: ‘ते केदो मुय रिको’. शब्दाला शब्द ठेवून पाहिलं तर ‘तुला हे फार छान राहिलं’. म्हणजेच आपलं ‘तुला मस्त जमलंय’ किंवा ‘काय झालीय गं भाजी!’. त्यातल्या ‘ते’कडे, ‘तुला’कडे, लक्ष द्या. नुसतं ‘तोर्तिया छान आहे’ म्हटलं तर ते तोर्तियाचं कौतुक; ‘ते’ घातलं की करणाऱ्या हातांचं कौतुक. हॉटेलात वेटरला ‘ते’ लावून सांगायची गरज नाही, त्याने काही ती केलेली नसते. घरी यजमानणीला सांगताना मात्र ‘ते’ विसरू नका. आणि स्वतःच्या हातून मीठ कमी पडलं असेल तर ‘मे आ केदादो सोसा’, जरा अळणीच झाली हो माझी. कष्ट झाले, गॅस बंद झाला, ताटात जे आलं ते असं आलं, हा केदारचा मूळ भाव इथे हाताला लागतो.

कपड्यांचंही तेच. ‘मे केदा ग्रांदे’, मला मोठा होतो. ‘ते केदा बिएन एल आसूल’, तुला निळा खुलतो. मराठीत आपण कधी ‘होतो’ म्हणतो, कधी ‘बसतो’, कधी ‘शोभतो’. स्पॅनिशमध्ये अंगावर चढवल्यावर कसं काय दिसतं हे सगळं एकाच क्रियापदात. खेळाच्या निकालालाही हेच. ‘कोमो केदो एल पार्तीदो?’, मॅचचं काय झालं? 2010 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जोहान्सबर्गला स्पेनने नेदरलँड्सला हरवलं, तर तो सामना ‘केदो ऊनो आ सेरो’, एक-शून्य झाला, आणि ‘एस्पान्या केदो कांपेओना’, स्पेन विजेता ठरला. आणखी खोलात जायची इथे गरज नाही.

खरी गुंतागुंत सुरू होते ‘से’ लागल्यावर. केदार आणि केदार्से. हा ‘से’ म्हणजे ‘स्वतः’सारखा शब्द, ‘मी’साठी त्याचा ‘मे’ होतो आणि ‘तू’साठी ‘ते’. तो लागला की पहिला अर्थ थांबणे, न जाणे. ‘मे केदो एन कासा’, मी घरीच थांबते. 2020 च्या मार्चमध्ये स्पेनमध्ये आणीबाणीची स्थिती जाहीर झाली तेव्हा ‘केदाते एन कासा’, घरी थांबा, हे दोन-तीन शब्द टीव्हीवर, फोनवर सगळीकडे होते. अर्जेंटिनातही तीच घोषणा होती, पण तिथे ‘तू’साठी ‘बोस’ वापरतात, म्हणून जोर सरकतो. माद्रिदमध्ये जोर ‘के’वर, ब्युनोस आयरेसमध्ये ‘दा’वर. लिहिताना स्पेनच्या घोषणेत डोक्यावर एक तिरकी रेघ, अर्जेंटिनाच्या घोषणेत ती नाही. ही रेघ पाहून घोषणा कुठली हे ओळखता येतं. संचारबंदीला स्पॅनिशमध्ये ‘तोके दे केदा’ म्हणतात, त्यातला ‘केदा’ही याच कुळातला.

‘से’चा दुसरा अर्थ मात्र नीट वेळ देऊन शिकावा असा आहे. मराठीत ‘होणे’ हे एक क्रियापद किती कामं करतं पाहा. तो लाल झाला. तो वकील झाला. तो वेडा झाला. तो आंधळा झाला. स्पॅनिशमध्ये या चारही वाक्यांत वेगळं क्रियापद आहे. लाजून लाल झाला ते ‘से पुसो रोखो’, कारण ती घटकाभराची गोष्ट. वकील झाला ते ‘से इसो आबोगादो’, कारण ते स्वतः मेहनतीने झालेलं. वेडा झाला ते ‘से बोल्बिओ लोको’, कारण माणसाचा पिंडच बदलला. आणि आंधळा झाला ते ‘से केदो सिएगो’. काहीतरी घडलं, आजार झाला असेल, अपघात असेल, आणि त्यातून माणूस ज्या अवस्थेत उरला ती ही.

या साच्यात बसणारे शब्द बघितले तर त्यात हरवण्याचा, रिकामं होण्याचा सूर जास्त ऐकू येतो. बहिरा होणे, टक्कल पडणे, विधवा होणे, पोरकं होणे, एकटं पडणे, बेकार होणे, सगळीकडे केदार्से. ‘से केदो ब्यूदा’, ती विधवा झाली. मात्र नेहमी दुःखच असतं असं नाही. ‘मे केदो मास त्रान्कीला’, आता जरा निर्धास्त झाले, ही बरी बातमी ऐकल्यावरची ओळ. आणि बाईला दिवस राहिले, त्यालाही हेच: ‘से केदो एंबारासादा’. गर्भ राहणे, दिवस राहणे हे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. स्पॅनिश आणि मराठी यांची कधी गाठ पडली नव्हती, तरी दोघींनी या गोष्टीसाठी ‘राहणे’च निवडलं, याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

अचंब्यालाही केदार्से. कुणी तोंडाचा आ वासून राहतं, कुणी दगड होतं, कुणी गोठतं: ‘से केदो दे पिएद्रा’, ‘से केदो एलादा’. परीक्षेत ऐन वेळी काहीच आठवेना तर ‘मे केदे एन ब्लांको’, डोकं कोरं झालं. आणि ‘केदार्से दोर्मीदो’ तर दोन्ही बाजूंनी आपलं आहे. पुस्तक वाचता वाचता डोळा लागला, तेही तेच. आणि गजर वाजून गेला, ऑफिसला उशीर झाला, ‘अहो, झोपूनच राहिले’, तेही तेच. ‘पेर्दोन, मे ए केदादो दोर्मीदा’ (बाप्या माणसाने शेवटी ‘दोर्मीदो’ म्हणायचं) हे वाक्य पाठच करून ठेवा.

वर्तमानपत्रात मात्र पुष्कळदा ‘से’ गळतं. भूकंपात गाव उद्ध्वस्त झालं, तिघे जखमी झाले, अशा बातम्यांत नुसतं ‘केदो’, ‘केदारोन’ येतं. बाहेरून आलेल्या आघाताचा निकाल कळवायचा असेल तर ‘से’ नको, आणि माणसाच्या बाजूने, त्याचं काय झालं हे सांगायचं असेल तर ‘से’ हवं, असा ढोबळ नियम धरला तर बहुतेक ठिकाणी निभावतं. लॅटिन अमेरिकेत ‘से’ गाळण्याकडे कल जरा जास्त आहे, त्यामुळे मेक्सिकन बातमीत ‘केदो एंबारासादा’ दिसलं तर ती चूक समजू नका.

मराठीचा दुसरा खड्डा याच वळणावर आहे. आपलं ‘राहणे’ केदारपेक्षा बरंच मोठं आहे. ‘मी पुण्यात राहते’ यात केदार मुळीच चालणार नाही. तिथे ‘बीबो एन पुणे’, ‘जगते’ असं म्हणावं लागतं. ‘मे केदो एन पुणे’ म्हटलं तर अर्थ होतो, तुम्ही सगळे जा, मी पुण्यातच थांबते. पहिल्या वर्षातल्या मराठी विद्यार्थ्याच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि ऐकणारा स्पॅनिश माणूस विचारतो, किती दिवस?

तसंच ‘करत राहणे’चं. ‘ती बघतच राहिली’, ‘से केदो मिरांदो’. ‘मी वाट बघत राहिले’, ‘मे केदे एस्पेरांदो’. इथे जमतं, कारण माणूस एका जागी, एका अवस्थेत थांबलेला आहे. पण ‘पाऊस पडत राहिला’ किंवा ‘तो शिकत राहिला’ यात थांबण्याचा भाव नाही, चालू राहण्याचा आहे. त्याला ‘सेगीर’ हे क्रियापद: ‘सिगिओ योबिएंदो’. पाऊस कुठे थांबून काही करत बसत नाही, म्हणून त्याला केदार्से लागत नाही. वाक्यातला माणूस जागच्या जागी थबकलेला दिसतो का, हे डोळ्यांसमोर आणून पाहा. दिसला तर केदार्से, नाहीतर सेगीर.

आता ठरण्याकडे येऊ, कारण स्पेनमध्ये जायचं असेल तर हा वापर आधी लागतो. ‘केदामोस आ लास ओचो?’, आठला भेटूया? यात भेटणे हा शब्द कुठेच नाही. दोघांच्या बोलण्यातून जे ठरून राहिलं, तेवढंच सांगितलं आहे. माद्रिदमध्ये पुएर्ता देल सोल हा शहराच्या अगदी मधला चौक आहे. तिथे झाडाला पुढचे पाय टेकून उभ्या असलेल्या अस्वलाचा पुतळा आहे. अस्वल आणि झाड ही माद्रिदची निशाणी, आणि पुतळा 1967 सालचा. ‘केदामोस एन एल ओसो’, अस्वलापाशी भेटू, एवढं म्हटलं की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. संध्याकाळी तिथे दर चार पावलांवर कुणीतरी घड्याळ बघत उभं असतं.

कुणी बोलावलं आणि आपलं दुसरीकडे ठरलेलं असेल तर म्हणायचं, ‘लो सिएंतो, या ए केदादो’. माफ कर, माझं आधीच ठरलंय. कुणाशी, कुठे, कशासाठी, काहीच सांगावं लागत नाही आणि ते उद्धटही वाटत नाही. आपण मराठीत नेमकं हेच करतो. ‘नाही गं, आज ठरलंय माझं’ म्हटलं की समजूतदार माणूस पुढे विचारत नाही. इंग्रजीत हे सांगायला लांबण लावावी लागते. इथे दोन्ही भाषांत एका क्रियापदात काम होतं.

अमुक करायचं ठरलं, हे सांगायला ‘केदार एन’. ‘केदामोस एन बेर्नोस एल लुनेस’, सोमवारी भेटायचं ठरलं. मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेतल्या आणखी काही देशांत ‘एन’च्या जागी ‘दे’ ऐकू येईल: ‘केदामोस दे बेर्नोस’. दोन्ही बरोबर, ज्यांच्यात वावरायचं त्यांचं उचला. आणि तासभर चर्चा होऊनही काहीच ठरेना, कुणी एक म्हणतं सिनेमा, दुसरं म्हणतं जेवण, तेव्हा कुणीतरी वैतागून विचारतं, ‘एन के केदामोस?’. मग ठरलं काय शेवटी?

लॅटिन अमेरिकेत भेटायचं ठरवायला नुसतं ‘केदामोस’ तितकंसं वापरत नाहीत, ‘नोस बेमोस’, भेटू, जास्त चालतं. स्पेनमध्ये शिकून बोगोटाला नोकरीसाठी गेलेल्याने हे ध्यानात ठेवावं. न कळण्याइतका फरक नाही, पण ‘हा स्पेनमध्ये शिकला’ हे लगेच ओळखू येतं.

‘ठरणे’चा मराठीत दुसरा अर्थ आहे, लोकांच्या नजरेत अमुक ठरणे. आणि गंमत अशी की केदारलाही तो आहे. ‘केदे कोमो उन तोंतो’, मी मूर्ख ठरलो. याच्याच शेजारी ‘केदार बिएन’ आणि ‘केदार माल’, चारचौघांत बरं दिसणं आणि वाईट दिसणं. कुणाच्या घरी पहिल्यांदा जेवायला जाताना वाइनची बाटली किंवा मिठाई न्यायची, ती ‘पारा केदार बिएन’. बोलावल्यावर शेवटच्या क्षणी नाही म्हणणं म्हणजे ‘केदार माल’. ‘रिकाम्या हाताने गेलं तर बरं दिसत नाही’ हे ऐकत वाढलेल्या माणसाला या दोन प्रयोगांमागचं सगळं घर, सगळी माणसं समजतात. स्पॅनिश कुटुंबात हे शब्द मुलांच्या कानावर लहानपणापासून पडतात, आपल्यासारखेच.

सरकारी भाषेत हे क्रियापद मोठ्या थाटात वावरतं. ‘केदा प्रोइबीदा ला एंत्रादा’, प्रवेशास मनाई आहे. ‘केदा उस्तेद देतेनीदो’, आपल्याला अटक करण्यात येत आहे. नुसतं ‘एस्ता प्रोइबीदो’ म्हटलं तरी मनाईच, पण ‘केदा’ने ती आदेश निघाल्या क्षणापासून लागू होते. मी हे शिकवताना आपल्याकडच्या नोटिशी आठवायला सांगते. ‘परवानगीशिवाय प्रवेशास मनाई राहील.’ ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ ‘हे आदेश सर्वांना बंधनकारक राहतील.’ बोलताना कुणी असं बोलत नाही, कागदावर मात्र ‘राहील’च लागतं. दोन्ही भाषांतल्या बाबूंना हुकूम काढायला हेच क्रियापद सापडलं. फरक काळाचा तेवढा: आपण भविष्यकाळ वापरतो, ते बहुधा वर्तमानकाळ.

जागेबद्दल थोडक्यात. ‘दोंदे केदा एल बांको?’, बँक कुठे आहे? हे लॅटिन अमेरिकेत फार ऐकू येतं, स्पेनमध्ये ‘एस्ता’ अधिक. वापर फक्त हलत नाहीत अशा गोष्टींसाठी: बँक, गाव, दवाखाना. किल्ल्या कुठे आहेत किंवा आई कुठे आहे हे केदारने विचारायचं नाही. पण ‘मे केदा लेखोस’ मात्र सगळीकडे चालतं आणि आपल्या ‘मला ते लांब पडतं’शी अक्षरशः जुळतं, ‘मला’सकट. पोर्तुगीज भाषेत हे काम ‘फिकार’ नावाचं वेगळं क्रियापद करतं. गोव्यातल्या ज्या घरांत अजून पोर्तुगीज कानावर पडतं, त्यांना ‘फिकार’चे जवळजवळ सगळे अर्थ केदारकडे वळवता येतात, थांबणे, उरणे, अमुक अवस्थेत राहणे, अमुक ठिकाणी असणे, सगळं तिथेही आहे.

‘कोन’ आणि ‘सिन’ ही दोन शब्दयोगी अव्ययं केदार्सेबरोबर सतत येतात. ‘कोन’ लागलं की ठेवून घेणं. दुकानात तीन साड्या बघून झाल्या की आपण म्हणतो ना, ‘ही निळी ठेवा’, ते ‘मे केदो कोन ला आसूल’. टॅक्सीवाल्याला ‘सुटे राहू द्या’, ते ‘केदेसे कोन एल कांबिओ’. पुन्हा ‘राहू द्या’च. इच्छा मनातच राहिली, तेही ‘केदार्से कोन लास गानास’. स्पेनमध्ये मात्र ‘माणसाबरोबर’ केदार्से म्हटलं तर कधीकधी अर्थ होतो त्याची फिरकी घेणं. ‘ते एस्तास केदांदो कोन्मीगो?’ असं कुणी हसत विचारलं तर ते ‘माझी मस्करी करतेस का?’ असं समजा.

‘सिन’ म्हणजे वाचून, विना. 28 एप्रिल 2025 ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची वीज एकदम गेली. मेट्रो थांबली, सिग्नल बंद पडले, कार्ड चालेनात. त्या दिवशी लाखो लोकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, ‘नोस एमोस केदादो सिन लूस’. ‘लूस’ म्हणजे उजेड, आणि वीजही. आपणही ‘लाईट गेली’च म्हणतो. फोनची बॅटरी संपली तर ‘मे केदे सिन बातेरीया’, जेवायचं राहिलं तर ‘मे केदे सिन कोमेर’.

हे सगळं एका दमात शिकायला जाऊ नका. आधी ‘मे केदान’ आणि ‘केदामोस आ लास...’ एवढी दोनच वाक्यं रोजच्या वापरात आणा. मग जेवणाचं ‘ते आ केदादो’. केदार्सेचे ‘होणे’वाले प्रयोग एकेक करून, भेटतील तसे वहीत टिपून ठेवा, समोर मराठी वाक्य लिहून. इंग्रजी प्रतिशब्द लिहू नका; तो लिहिला की दुसऱ्या ठिकाणी केदार भेटल्यावर ओळखू येत नाही.

एक प्रयोग शेवटपर्यंत ठेवला होता, कारण तो परीक्षेत कमी आणि जगण्यात जास्त लागतो. किल्ल्या घरी विसरल्या तर स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘से मे केदारोन लास यावेस एन कासा’. माझ्या किल्ल्या घरी राहिल्या. ‘मी विसरले’ कुठेच नाही. किल्ल्या आपणहून मागे राहिल्या, मला ते फक्त भोवलं. छत्री बसमध्ये राहिली, डबा घरी राहिला, असं रोज म्हणणाऱ्या मराठी माणसाला यातलं एक अक्षर समजावावं लागत नाही. ‘से मे’ एवढं जोडायला शिकवलं की झालं. स्पेनच्या पश्चिमेकडे, एक्स्त्रेमादुरात आणि कास्तिया ई लेओनच्या काही भागांत, लोक याच्याही पुढे जाऊन ‘ए केदादो लास यावेस एन कासा’ म्हणतात, म्हणजे केदारलाच ‘मागे ठेवणे’ असा अर्थ देतात. तिकडच्या गावात हे ऐकू आलं तर बिनधास्त समजून घ्या. देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या पेपरात मात्र त्या जागी ‘देखार’, म्हणजे ठेवणे, सोडणे, हे क्रियापद लिहा.